थंड्याची पट्टी

खडकवाकडीत पट्टीशिवाय काही होत नाही. सप्ताह असो, कुस्त्या असोत की शाळेची पडलेली भिंत, आधी पारावर बैठक बसते, घरामागे आकडा ठरतो आणि पैसे जमले की भुजंग मारुतीच्या पारावरून माईकवर नावं वाचतो. "आपल्या गावचे सुपुत्र" अशी सुरुवात करून तो प्रत्येक नावाला एवढा वेळ देतो की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसानं गावाला धरणच बांधून दिलं. पुण्याला कंपनीत असलेली मुलं पट्टी पाठवतात आणि घरी फोन करून विचारतात, नाव घेतलं का. त्यामुळे थंड्याच्या बाटल्यांवर आणि गोड खाऊवर पट्टी बसवायचं गावानं ठरवलं, तेव्हा ती वसूल कशी करायची हे कुणाला शिकवावं लागलं नाही. अडचण दुसरीकडूनच आली.

मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि परतूरला रक्त तपासणीच्या एका लॅबमध्ये काम करते. रोज सकाळी राजानंददादाच्या जीपनं जाते. दादा आमच्या भीमनगरातलाच, आमच्या घराला लागून त्याचं घर. त्याची मुलगी तृप्ती चौथीत असताना एकाएकी वाळायला लागली. सारखी पाणी प्यायची, तरी घसा कोरडाच म्हणायची. एक दिवस वर्गातच पडली. जालन्याला नेल्यावर कळलं की तिला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे, लहान मुलांना होतो तो.

गावानं निदान त्याच्या आधीच करून ठेवलं होतं. आईनं लाडात गोड खाऊ घातलं, म्हणून झालं. तृप्तीची आई, बेबीवहिनी, चौकात शिलाई मशीन चालवते. ब्लाउज न्यायला आलेल्या बाया मशीनपाशी उभ्या राहून तिला हेच ऐकवायच्या आणि ती मान खाली घालून टीप मारत राहायची. मी तिला समजावून सांगितलं की हा आजार साखर खाल्ल्यानं होत नाही. शरीर बाहेरच्या जंतूंशी लढायचं सोडून आपल्याच काही पेशींवर उठतं. इन्सुलिन तयार करणाऱ्या नेमक्या त्याच पेशी मरतात. का, ते अजून पुरतं कुणालाच माहीत नाही. वहिनीनं ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा ऐकलं. तिला पटलंही. पण तिला एकटीला पटून बाया थांबल्या नाहीत.

इन्सुलिन सरकारी दवाखान्यातून मिळायचं. बोटाला टोचून साखर बघायच्या स्ट्रिप मात्र विकत आणाव्या लागायच्या. डॉक्टरांनी दिवसातून चारदा बघायला सांगितलं होतं. वहिनी दोनदा बघायची आणि बाकीच्या वेळी पोरीच्या चेहऱ्यावरून अंदाज करायची. त्या अंदाजाचं मला लॅबमध्ये बसल्या बसल्या भय वाटायचं.

त्या हिवाळ्यात जालन्याच्या मस्तगडात दवाखाना असलेल्या एक बालरोगतज्ज्ञ बाई आमच्या शाळेत तपासणीला आल्या. पोरांना तोंड उघडायला लावून त्या एकेकाच्या दाढा बघत होत्या आणि शेजारी उभी राहून मीही बघत होते. काळी दाढ नसलेलं पोर शोधावं लागत होतं. पहिलीतल्या एका पोरीचे पुढचे दात हिरडीपर्यंत झिजले होते. सकाळी चहाबरोबर क्रीमची बिस्किटं, दुपारी रंगीत बर्फकांडी, पाहुणे आले की थंडा. आमच्याकडे पाहुण्याला थंडा आणला नाही तर मानपान राहत नाही. बाई म्हणाल्या की गाडीची आणि औषधांची सोय झाली तर त्या दर महिन्याला अर्धा दिवस येतील. तृप्तीच्या स्ट्रिपचा खर्चही त्यांनी त्यातच धरला. फक्त पैसे कुठून आणायचे ते गावानं बघावं.

ग्रामसभेत मी सुचवलं की जे खाऊन-पिऊन पोरांचं बिघडतं त्याच्यावरच थोडा कर लावावा, आणि तो पोरांच्याच दवाखान्याला द्यावा. काही देशांत असं करतात, किंमत वाढली की लोक जरा कमी पितात. म्हणजे एका कामात दोन कामं. ग्रामसेवक रामप्रसाद यांनी लगेच हात वर केला. वस्तूवर कर लावायचं काम ग्रामपंचायतीचं नाही, ते वरचं, असं त्यांनी सांगितलं आणि चष्मा पुसत खाली बसले.

सरपंच तुळजाकाकू म्हणाल्या, "कर कोन म्हनलं? पट्टी म्हना."

तिथंच अर्धं काम झालं. किराणा दुकानदार राधेश्याम तेवढा उभा राहिला. गिऱ्हाईक परतूरला जाईल असं त्याचं म्हणणं. "एका थंड्यासाठी परतूरला जाईन?" तुळजाकाकूंनी विचारलं. "मंग जीपचं भाडं तू दे त्याला, राजानंदचा तरी धंदा व्हईल." लोक हसले आणि राधेश्यामही हसत बसला.

मग कचरूआबा बोलले. आबांचा शब्द गावात चालतो. त्यांच्या दोन विहिरींवर अर्ध्या गावाच्या गाई-म्हशी पाणी पितात. आबा म्हणाले, पट्टी बराबर हाय, राजानंदच्या पोरीचं बघा, थंडा पिऊन पिऊन काय गत झाली. सगळ्यांच्या माना हलल्या. बायांच्या घोळक्यात वहिनी बसली होती, तिनं पदर पुढं ओढला. मी गप्प राहिले असते तर ठराव तेवढ्यावर मंजूर झाला असता. पण ते खरं नव्हतं. मी उठून सांगितलं की तृप्तीनं आयुष्यात थंडा पिला नसता तरी तिला हे झालंच असतं. दातांचं, वजनाचं आणि पुढं चाळिशीत होणाऱ्या मधुमेहाचं वेगळं, तिथं साखरेचा हात आहे.

आबांना ते रुचलं नाही. "मंग थंड्याच्या पट्टीतून तिला कामून द्यायचं?"

"पट्टी पोरांच्या दवाखान्याची हाय, आबा," तुळजाकाकू म्हणाल्या. "ती पोरगी आपल्या गावची न्हाई का?"

ठराव झाला: थंड्याच्या बाटलीमागे एक रुपया, बर्फकांडी, चॉकलेट आणि क्रीमच्या बिस्किटांना त्याहून कमी. राधेश्यामच्या आणि स्टँडवरच्या बबलूच्या दुकानात कुलपाचे डबे ठेवायचे, किल्ली सरपंचाकडे, देणाऱ्याचं नाव दुकानातल्या वहीत. आणि महिन्याच्या शेवटी पट्टी देणाऱ्यांची नावं नेहमीप्रमाणे भुजंगनं वाचायची. हे शेवटचं कुणी सुचवलं तेही आठवत नाही. पट्टी म्हटलं की नावं आलीच.

सप्ताहाच्या पट्टीत भीमनगरची नावं नसतात. आम्ही ती देत नाही आणि आम्हाला कुणी मागतही नाही. ही पट्टी मात्र सगळ्या गावाची होती. पहिल्या महिन्याच्या शेवटी पारावरच्या भोंग्यातून "आपल्या गावचे सुपुत्र राजानंद" असं ऐकू आलं, तेव्हा दादा जीप धूत होता. त्यानं पाण्याचा पाइप तसाच चालू ठेवला आणि नाव संपेपर्यंत उभा राहिला. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या दारात येऊन ऐकत होत्या.

बाई ठरल्याप्रमाणे येऊ लागल्या. शाळेच्या व्हरांड्यात टेबल लागायचं, पोरांची रांग लागायची. ज्या पोरांना परतूरपर्यंत नेणंही आईबापांना जमलं नव्हतं, त्यांची खरूज, जंत, कान फुटणं, रक्त कमी असणं, सगळं तिथंच बघितलं जाऊ लागलं. तृप्तीच्या बोटाला आता चारदा टोचलं जायचं आणि ती स्वतःच टोचून घ्यायची. आकडा माझ्या मोबाईलवर यायचा. पूर्वी तो डोंगरदरीसारखा वरखाली व्हायचा, आता माळरानासारखा झाला होता. लॅबमधले लोक विचारायचे, तुमच्या गावात हे खरंच चालू आहे का. मी हो म्हणायचे आणि माझा आवाज जरा मोठाच निघायचा.

डबे दर महिन्याला जड होत गेले. राधेश्यामला आपला डबा बबलूच्या डब्यापेक्षा जड हवा असायचा. त्यानं दुकानावर 'मुलांच्या आरोग्यासाठी येथे थंडा प्या' अशी पाटी रंगवून घेतली. लगीनसराई आली तशी लग्नांत थंड्याचे क्रेट वाढले, कारण क्रेटची पट्टी एकदम भरली की भुजंग नवरदेवाच्या आजोबांपासून नावं घ्यायचा. कुणी वाढदिवसाला सगळ्या वर्गाला थंडा पाजला, त्याचंही नाव आलं. मलाही ते ऐकून बरंच वाटायचं.

एकदा परतूरहून येताना जीपमध्ये मागच्या सीटवर बसून मी सहज हिशोब करायला लागले. बाटलीमागे रुपया. मग डबा दुप्पट जड झाला याचा अर्थ बाटल्या दुप्पट गेल्या. इतर ठिकाणी पैसे जास्त पडले की लोक हात आखडतात. आमच्याकडे पट्टी म्हटलं की लोक पुढं सरसावतात. आम्ही थंड्याला पट्टी लावली नव्हती, मान लावला होता.

पुढच्या तपासणीला मी रांगेजवळ उभी राहून पोरांच्या जिभा पाहिल्या. बऱ्याच जणांच्या केशरी होत्या. बाईंकडे येण्याआधी बर्फकांडी खाऊन आले होते. "पट्टी देऊन आलो," एकानं मला सांगितलं.

नावं वाचणं बंद केलं की बाटल्या कमी होतील, याची मला जवळजवळ खात्री होती. बाटल्या कमी झाल्या की डबाही हलका होणार, आणि बाईंच्या गाडीचा खर्च कमी करता येत नसल्यामुळे आधी स्ट्रिपवर गदा येईल हेही दिसत होतं. म्हणून बैठकीत बोलण्याआधी मी वहिनीकडे गेले. ती चौकात मशीनवर होती. मी सगळं सांगितलं, डबा, बाटल्या, जिभा. ती टीप मारत ऐकत होती. मी स्ट्रिपवर आले तेव्हा तिनं पाय थांबवला.

"तृप्ती परवा शाळेतून आली न् बोलंना," ती म्हणाली. "जेवली न्हाई. मंग लई विचारल्यावर म्हनली, आई, पोरी माझ्यासमोर थंडा पितेत न् म्हनतेत, तुझ्यासाठीच पिऊन राह्यलो."

मी मशीनशेजारी खाली बसले.

"इथं पन येतेत. काकू, आज तृप्तीसाठी दोन पिले म्हनतेत. लेकरं हायेत, मायेनंच म्हनतेत." तिनं मशीनवरचं कापड काढून घडी घातली. "बैठकीत कोन बोलनार?"

मी बोलेन, म्हणाले.

"न्हाई. पैसे माझ्या पोरीला येऊन राह्यले. बंद करा असं दुसरं कुनी म्हनलं तर मला राग यईन. मंग मीच बोलते."

दादाशी तिचं त्या संध्याकाळी काय बोलणं झालं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये तो एवढंच म्हणाला की परतूर स्टेशनला संध्याकाळच्या गाडीचे प्रवासी मिळतात, तिकडं एक फेरी वाढवून बघतो.

बैठक पारावर झाली. कचरूआबांच्या नातवाचं, शिवाजीचं, लग्न तोंडावर आलं होतं आणि आबांनी राधेश्यामकडे टेम्पोभर क्रेट सांगून ठेवले होते. भुजंगला त्यांनी पणजोबांपासूनची नावं लिहून दिली होती. अशा वेळी वहिनी उठून उभी राहिली. त्या पाराच्या इतक्या जवळ येऊन ती पूर्वी कधी बोलली नव्हती. डबा राहू द्या, पट्टी राहू द्या, फक्त बाटलीचं नाव माईकवर घेऊ नका, असं तिनं सांगितलं.

भुजंग गोंधळला. "नावाबिगर पट्टी देईन कोन, वहिनी?"

राधेश्याम म्हणाला की आत्ता कुठं जम बसला होता. मागून कुणीतरी म्हणालं, फुकटचं मिळतंय तर नको झालं का. तुळजाकाकूंनी तिकडे नुसतं बघितलं. कचरूआबा मात्र चिडले नव्हते, दुखावले होते. त्यांचा आवाज उलट खाली आला.

"आमी तुझ्या लेकीसाठी देऊन राह्यलो, न् तूच नको म्हनती?"

"देता म्हनूनच बोलून राह्यले, आबा," वहिनी म्हणाली. "माझ्या लेकीच्या दवाखान्यासाठी तुमच्या नातवंडाचे दात किडायलेत. असं औषध मला नको. माझी पोरगी माझ्यामुळं आजारी पडली असं गाव मला वरीसभर म्हनलं. आता तिच्यामुळं दुसऱ्याची लेकरं आजारी पडली असं मला ऐकायचं न्हाई."

मशीनपाशी येणाऱ्या बाया तिथंच बसल्या होत्या. आबांनी काठी उचलली आणि कुणाकडे न बघता घरी गेले. तुळजाकाकूंनी हात वर करायला सांगितले. आबांच्या जागेकडे बघत बघतच, पण हात वर झाले. त्या महिन्यापासून बाटल्यांची नावं बंद झाली.

आणि डबे हलके झाले. माझा हिशोब बरोबर निघाल्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही. बाई येत राहिल्या, पण औषधं मोजून आणू लागल्या. दादा अंधार पडल्यावर घरी यायला लागला. तरी स्ट्रिप पुरेनात आणि तृप्तीचा दुपारचा आकडा माझ्या मोबाईलवर यायचा बंद झाला. वहिनीनं त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मशीनपाशी येणाऱ्या बायाही आता तिला काही ऐकवत नव्हत्या. त्यांतली एक जण तर जाताना ब्लाउजच्या शिलाईबरोबर डब्यासाठी म्हणून जास्तीचे पैसे ठेवून गेली.

शिवाजीच्या लग्नाचं आमंत्रण आम्हालाही होतं. वहिनी जायला तयार नव्हती. आबांच्या मांडवात टेम्पोभर क्रेट उतरणार, सगळं गाव थंडा पिणार आणि तृप्ती बघत बसणार. शिवाय आबांसमोर कोणत्या तोंडानं जायचं. तृप्तीच म्हणाली की तिच्या वर्गातल्या सगळ्या पोरी जाणार आहेत, ती जाणारच. म्हणून आम्ही गेलो, आणि अक्षता पडेपर्यंत मांडवाच्या कडेलाच उभ्या राहिलो.

क्रेट दिसत नव्हते. जेवणाच्या मंडपापाशी मोठी पातेली ओळीनं मांडली होती आणि त्यांवर ओलं फडकं टाकलेलं होतं. आबांच्या घरातल्या सुना फडकी काढून मठ्ठा ओतायला लागल्या. आलं आणि कोथिंबिरीचा वास आमच्यापर्यंत आला. आबा पातेल्यापाशी काठी टेकून उभे होते आणि कुणाच्या ग्लासात बर्फ कमी पडला की सुनांना ओरडत होते.

तेवढ्यात मांडवातल्या माईकवर भुजंगनं घसा साफ केला. आपल्या गावचे सुपुत्र म्हणून त्यानं आबांच्या पणजोबांपासून सुरुवात केली. सगळी नावं घेऊन झाल्यावर म्हणाला, "यांच्याकडून, नातवाच्या लग्नात न पिलेल्या थंड्याच्या बाटल्यांची पट्टी."

मांडव आधी हसला. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि ती बराच वेळ चालली.

राधेश्याम माईकजवळ धावत गेला. बाटल्या त्याच्याच दुकानातून न आलेल्या होत्या, तेव्हा त्याचंही नाव घ्यायला हवं, असं त्याचं म्हणणं. भुजंगनं घेतलं. वधूपक्षाकडचे लोक एकमेकांना विचारत होते की हे काय प्रकरण आहे, आणि आमच्या गावचे लोक त्यांना सांगत होते. जो तो स्वतःच्या डोक्यातून निघाल्यासारखं सांगत होता.

आबा वहिनीकडे आले. तिनं पदर सावरला.

"बाटलीचं नाव घेऊ नका म्हनली व्हतीस," ते म्हणाले. "न पिलेलीचं न्हाई म्हनली."

"न्हाई, आबा," वहिनी म्हणाली. आबांना याहून जास्त बोलणं नको होतं. ते लगेच वळून सुनांना ओरडले की या लोकांना ग्लास का दिले नाहीत.

त्या उन्हाळ्यात आणखी काही घरांनी तसंच केलं, काहींनी थंडाच पाजला. डबे पूर्वीइतके जड पुन्हा झाले नाहीत. पण दुपारचा आकडा मला परत येऊ लागला, आणि रांगेतल्या जिभांकडे मी अजून लक्ष ठेवून आहे. केशरी जीभ आता शोधावी लागते.

त्या दिवशी मांडवात तृप्ती वर्गातल्या पोरींच्या रांगेत जाऊन बसली होती. तिच्या हातात मठ्ठ्याचा ग्लास होता, पण ती पीत नव्हती. मला खुणेनं बोलावत होती. यात साखर आहे का, तिनं विचारलं. मी घोट घेऊन पाहिला. मीठ, जिरं, आलं. ताकात दुधाची थोडी साखर असतेच, एका ग्लासाला चालेल, मी सांगितलं. तिनं मनातल्या मनात काहीतरी हिशोब केला आणि शेजारच्या पोरीच्या ग्लासाला ग्लास लावून पिऊन टाकला. गावातल्या पंगतीत सगळ्या पोरी जे पितात तेच ती पीत होती, ते मी आजारानंतर पहिल्यांदा पाहत होते.

आबा रांगेवरून बघत बघत तिच्यासमोर थांबले. "ए पोरी, तुला चालतंय का हे? बराबर विचारून घेतलंस ना?"

"माझं मला कळतंय, आबा," तृप्ती ओठ पुसत म्हणाली. "तुमी सांगा, तुमी किती चॉकलेटं खाल्ले आज?"

अख्खी रांग आबांच्या फुगलेल्या खिशाकडे बघायला लागली, त्यातून चॉकलेटांचे चंदेरी कागद डोकावत होते.